ओढण्याची कडी : पावसाळ्यापूर्वी करावयाची एक तयारी

मृगाचा पाऊस पडून गेला व आर्द्राच्या सरी लागल्या, म्हणजे काळ्या जमिनीच्या गावांतून एक देखावा वारंवार दृष्टीस पडतो. पीक-पाहणीसाठी, बियाणे पोहोचविण्यासाठी अथवा पंचनाम्यासाठी निघालेली जीप पाणंदीत किंवा ओढ्याच्या उतारावर रुतून बसते. चाके जागच्या जागी फिरू लागतात, चिखल अंगावर उडतो आणि गाडी बोटाबोटाने खाली जाते. थोड्याच वेळात जवळच्या शेतातून ट्रॅक्टर येतो. कोणी साखळी आणतो आणि हाताला जे लागेल त्याला, बहुधा पुढच्या बंपरला, ती गुंडाळतो. मौज पाहावयास मुले भोवती जमतात. ट्रॅक्टरचालक दोन हात मागे येऊन साखळी ढिली करतो आणि मग एकदम हिसका देतो.

पुष्कळ वेळा गाडी निघते आणि म्हणूनच ही रीत चालू राहिली आहे. परंतु एखादे वेळी बंपर उखडतो, हूक निखळतो किंवा साखळीची कडी तुटते आणि ताणलेल्या टोकाला असलेले ते लोखंड गोफणीतून सुटलेल्या धोंड्याप्रमाणे उडते. त्याच्या वाटेत जो उभा असेल, मग तो चालक असो वा तमाशा पाहणारे मूल असो, त्याच्या जिवावर बेतते. अशा घटनेस अपघात म्हणून दैवावर भार टाकला जातो. वास्तविक तिचे मूळ त्या क्षणात नसते. गाडी कोठे धरून ओढावयाची याचा विचार उन्हाळ्यात, गाडी कोरड्या जमिनीवर उभी असताना, झालेला नसतो. हे त्याचे खरे कारण होय.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला, तेव्हापासून जीप व विस्तारकार्य यांची जोडी जमली. आज गाड्यांचे प्रकार बदलले असून चारही चाकांना गती देणारी वाहने खाजगी शेतकऱ्यांकडे, फळबागाईतदारांकडे व शासकीय कार्यालयांकडेही आढळतात. मात्र चारही चाकांना गती मिळते म्हणून गाडी रुतणारच नाही, हा समज चुकीचा आहे. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचते. चाकाखाली पकड नसेल तर ती वाया जाते. उलट अशी गाडी चिखलात अधिक आत जाऊन मग थांबते आणि तिला बाहेर काढणे अधिक कष्टाचे होते. यास्तव अशा प्रत्येक वाहनास पुढे व मागे ओढण्यासाठी भक्कम जागा असणे आवश्यक आहे. वाहनचालकांच्या बोलीत या कामास ‘टोचन’ म्हणतात. ज्या ठिकाणी दोर अडकवावयाचा त्यास या लेखात ओढण्याची कडी असे म्हटले आहे.

काळ्या जमिनीचा स्वभाव

दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते व त्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचा भरणा असतो. या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरले म्हणजे ते फुगते आणि वाळले म्हणजे आकसते. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात व पावसाळ्यात त्याच जमिनीत पाय रुततो, याचे कारण हेच. वाफसा नसताना औत घालू नये, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. ओली काळी जमीन भार सोसत नाही, हा अनुभव त्याच्या पायाखालचा आहे.

गाडीच्या बाबतीत या जमिनीचे तीन दोष एकत्र येतात. पहिला, माती टायरच्या खाचांत भरून बसते व टायर गुळगुळीत होतो. दुसरा, चाक खाली जाताच पुढे मातीचा बांध तयार होतो व चाकास तो चढून जावे लागते. तिसरा, गाडीचे पोट किंवा आस जमिनीस टेकली म्हणजे चिखल तिला चिकटून धरतो. या अवस्थेत इंजिन गरगरविल्याने गाडी फक्त खाली जाते. चाके दोन-तीन वेळा फिरूनही गाडी हलत नसेल, तर चालकाने त्याच वेळी थांबावे. पुढील निम्मे काम या एका निग्रहाने वाचते.

ओढ किती लागते?

रुतलेली वाहने काढण्याच्या कामी सैन्यदलांत एक ढोबळ हिशोब वापरतात. चिखल चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडीच्या एकूण वजनाइतकी ओढ लागते. चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर वजनाच्या दुप्पट ओढ लागते. म्हणजे माणसे व सामानासह २ टन भरणारी जीप तुंब्यापर्यंत रुतली तर सुमारे २ टन आणि मडगार्डपर्यंत रुतली तर सुमारे ४ टन ओढ द्यावी लागेल.

आता ओढणाऱ्याकडे पाहावे. ट्रॅक्टरचे इंजिन कितीही अश्वशक्तीचे असले, तरी त्याची ओढ अखेर त्याच्या चाकांखालच्या जमिनीवर अवलंबून असते. २ टन वजनाचा ट्रॅक्टर ओल्या काळ्या जमिनीवर आपल्या वजनाच्या निम्म्याइतकीही ओढ क्वचितच देऊ शकतो. हवी आहे २ ते ४ टन, मिळते १ टनाहून कमी. या तफावतीमुळेच चालकास हिसका देण्याचा मोह होतो.

हिसक्यात काय घडते, हे आकड्यांवरून ध्यानात येईल. २ टनांचे वाहन ताशी १० किलोमीटर वेगाने निघाले, तर त्याच्या अंगी सुमारे ७,७०० ज्यूल इतकी गतीची ऊर्जा असते. क्विंटलभर धान्याचे पोते सुमारे ८ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली माडीच्या छपरावरून, खाली आदळावे तेवढी ती होय. साखळी किंवा पोलादी तारदोर फारसा ताणत नाही. वाहन १० सेंटिमीटर अंतरात अडकून थांबले, तर कडीवर सरासरी ७.८ टन ओढ येते आणि क्षणभर तीहून कितीतरी अधिक. तेच वाहन १ मीटर अंतरात हळूहळू थांबले, तर सरासरी ओढ पाऊण टनाच्या आसपास राहते. वाहन तेच व वेगही तोच. फरक पडतो तो थांबण्याच्या अंतराने. साखळीने हिसका देणे म्हणजे कडीवर घण मारणे होय.

तफावत भरून काढण्याचा खरा मार्ग फावड्याचा आहे. चाकांपुढचा बांध कापून उतरती वाट करावी, पोटाखालची माती ओढून काढावी, साचलेल्या पाण्यास वाट करून द्यावी आणि चाकांखाली मुरूम, दगड, पऱ्हाट्या किंवा तुराट्या भराव्यात. काटेरी फांद्या घालू नयेत. टायर पंक्चर होतो. सामान उतरवून माणसेही खाली उतरवावीत. अर्ध्या तासाच्या खणाईने लागणारी ओढ इतकी कमी होते, की पुष्कळदा ट्रॅक्टरची गरजच उरत नाही; आणि उरलीच तर सावकाश, सरळ ओढीने काम भागते.

कोठे बांधू नये

कडीचा विचार करण्यापूर्वी, ज्या जागा कडीसारख्या दिसतात पण कडी नव्हेत, त्या ओळखणे अगत्याचे आहे.

(१) बंपर. आजच्या पुष्कळ गाड्यांचा बंपर पातळ पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. जुन्या जीपचा जाड बंपरही गंजलेल्या बोल्टांवर उभा असू शकतो.

(२) बंपरपुढील संरक्षक जाळी अथवा गार्ड. हे शोभेसाठी बसविलेले असतात. शिवाय असे गार्ड मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचे सांगून त्यांवर कारवाई करण्याविषयी केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते.

(३) ट्रेलर जोडण्याचा गोल बॉल. समपातळीच्या रस्त्यावर ट्रेलर नेण्यापुरता तो ठीक असतो. चिखलातील ओढीने त्याची मान तुटते व तो गोळा उडतो. ऑस्ट्रेलियात असे बॉल उडून माणसे मृत्युमुखी पडली आहेत.

(४) वाहतुकीची कडी. ट्रक किंवा जहाजावर गाडी बांधून ठेवता यावी म्हणून कारखाना गाडीखाली लहान कड्या देतो. त्या गाडी हलू न देण्यासाठी असतात. रुतलेली गाडी उपसण्यासाठी नव्हेत. अनेक नव्या गाड्यांना बंपरमधील भोकात फिरवून बसविण्याची कडी मिळते. तीही बहुधा रस्त्यावर बंद पडलेली गाडी सरळ ओढून नेण्यापुरतीच असते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत याविषयी सूचना असतात, त्या वाचाव्यात.

(५) आस, पाट्यांच्या कड्या व सुकाणूचे दांडे. यांस दोर बांधल्यास गाडी निघेल, परंतु सुकाणू किंवा ब्रेकची नळी बिघडून पुढे रस्त्यावर दगा होईल.

बैलगाडी रुतली असता जाणता गाडीवान साट्याला दोर बांधीत नाही. दुसरी जोडी पुढे जुंपून तो ओढ धुरेवर घेतो, कारण साऱ्या गाडीचा भार धुरेने पेलावयाचा असतो हे तो जाणतो. जीपची धुरा म्हणजे तिची चॅसी. ओढ चॅसीवरच आली पाहिजे.

कडी कशी असावी व कशी बसवावी

सर्वांत उत्तम मार्ग असा, की त्याच गाडीच्या नमुन्यासाठी बनविलेली व भारमर्यादा कोरलेली कडी घेऊन ती बनविणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे जाणत्या मिस्त्रीकडून बसवून घ्यावी. काही गाड्यांना कारखान्यातूनच भक्कम हूक मिळतात. त्या गाड्यांना नवीन काही बसविण्याचे कारण नाही. गावच्या वर्कशॉपमध्ये पट्टी वाकवून व वेल्डिंग मारून केलेली कडी दिसण्यात दणकट असते, पण ती किती भार सोसेल हे कोणासच सांगता येत नाही. अन्य मार्ग नसल्यास अभियंत्याकडून हिशोब करवून घेऊनच ती करवावी. शासकीय वाहनाच्या बाबतीत अधिकृत वर्कशॉपवाचून हे काम करू नये. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कायद्याची बंधने आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

कडीवर कोरलेला आकडा हा केवळ त्या कडीचा असतो. ती ज्या बोल्टांनी धरली आहे त्यांची, आणि ते बोल्ट ज्या पत्र्यातून गेले आहेत त्याची ताकद त्या आकड्यात येत नाही. म्हणून पुढील गोष्टी मिस्त्रीबरोबर उभे राहून तपासाव्यात.

बोल्टाचा दर्जा. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठविलेला असतो. यांपैकी पहिला आकडा तुटण्याची ताकद दर्शवितो. दुसरा, त्या ताकदीच्या किती दशांशापर्यंत बोल्ट कायमचा न ताणता टिकतो हे सांगतो. १२ मिलिमीटर जाडीचा ८.८ दर्जाचा बोल्ट सरळ ताणात सुमारे ६.८ टनांपर्यंत टिकतो. त्याच जाडीचा ४.६ दर्जाचा बोल्ट सुमारे ३.४ टनांतच तुटतो. ओढ आडवी येऊन बोल्ट कापला जात असेल, तर ही ताकद आणखी घटून सुमारे सहा-दशांश राहते. दुकानात दोन्ही बोल्ट सारखेच चकाकतात, म्हणून रंगावर न जाता डोक्यावरचा आकडा पाहावा. ज्यावर आकडा नाही तो बोल्ट या कामी वापरू नये. नटही त्याच तोलाचे असावेत. एकदा ताण बसलेले जुने बोल्ट पुन्हा बसवू नयेत.

चॅसीतील भोक. चॅसीचा दांडा पेटीसारखा पोकळ असेल, तर बोल्ट आवळताच त्याच्या भिंती आत दबतात व पुढे बोल्ट ढिला पडतो. म्हणून बोल्टाभोवती दांड्याच्या आत पोलादी नळीचा तुकडा बसवावा लागतो. नटाच्या बाजूस रुंद, जाड पट्टी द्यावी, म्हणजे भार पत्र्याच्या एका बिंदूवर न येता पसरतो. दांड्याच्या वरच्या व खालच्या काठांवर सर्वांत अधिक ताण असतो. तेथे नवी भोके पाडू नयेत व वेल्डिंगही करू नये. उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. शक्यतो कारखान्याने ठेवलेल्या भोकांचाच उपयोग करावा.

संख्या व दिशा. पुढे दोन कड्या असाव्यात, चॅसीच्या प्रत्येक दांड्यास एक. मागेही तशीच व्यवस्था असल्यास उत्तम. एकाच कडीस ओढल्यास भार एकाच दांड्यावर पडून चॅसी पिळवटते, जसे जुवाचे सारे ओझे एकाच बैलाच्या मानेवर पडावे. दोन्ही कड्यांतून एक जोडपट्टा ओवून त्याच्या मध्यास ओढ द्यावी. हा पट्टा आखूड नसावा. त्याच्या दोन बाजूंतील कोन ६० अंशांचा असल्यास प्रत्येक कडीवर एकूण ओढीच्या सुमारे ५८ टक्के भार येतो. कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक कडीवर पूर्ण ओढीइतका भार येतो आणि दोन कड्यांचा फायदाच नाहीसा होतो. कडीची ताकद सरळ रेषेतील ओढीसाठी असते. तिला बाजूने ओढल्यास ती वाकते.

कडीची कड. ज्या भोकातून शॅकल अथवा पट्टा जावयाचा, त्याच्या कडा गोल व गुळगुळीत असाव्यात. धारदार कडेने पट्टा कापला जातो. हूक असल्यास त्यास दोर निसटू न देणारी झाप असावी.

शॅकल. शॅकलवर टनांचा आकडा उठविलेला असतो. तो काम करण्याचा सुरक्षित भार होय. तुटण्याचा भार त्याहून कित्येक पट अधिक असतो. हलक्या जीपसाठी ३.२५ टन व अधिक वजनाच्या वाहनासाठी ४.७५ टन अशा खुणेचे शॅकल सामान्यतः वापरतात. ज्यावर आकडा नाही ते शॅकल बाजूस ठेवावे. त्याची खीळ हाताने पूर्ण आवळावी व मग पाव ते अर्धा फेरा मागे सोडावी, म्हणजे ओढीनंतर ती अडकून बसत नाही.

दोर कोणता घ्यावा?

रुतलेली गाडी काढण्यासाठी ताणला जाणारा नायलॉनचा रुंद पट्टा मिळतो. तो आपल्या लांबीच्या सुमारे एक-पंचमांशाने ताणतो व धक्का सौम्य करतो. पट्ट्याची तुटण्याची किमान ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या २ ते ३ पट असावी. २ टनांच्या गाडीस ४ ते ६ टनांचा पट्टा पुरे. त्याहून फार भारी पट्टा घेतल्यास तो पुरेसा ताणत नाही आणि साखळीसारखाच वागतो. दोन वाहनांचे वजन निरनिराळे असल्यास हलक्या वाहनाचे वजन हिशोबात धरावे. ऑस्ट्रेलियात अशा पट्ट्यांवर वापराच्या व धोक्याच्या सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. या नियमामागे एक साधा विचार आहे. काही तुटावयाचेच असेल, तर ते लोखंड नसावे. कडी, बोल्ट व शॅकल हे पट्ट्याहून सरस असावेत, म्हणजे तुटला तर पट्टा तुटेल व त्याबरोबर लोखंड उडणार नाही.

तुटलेला पट्टाही इजा करू शकतो, हे विसरू नये. दोन पट्टे शॅकलने जोडून लांबी कधीही वाढवू नये. जोड तुटल्यास तेच शॅकल उडते. फाटलेला, शिवण उसवलेला किंवा गाठ मारलेला पट्टा टाकून द्यावा. चिखल लागलेला पट्टा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. साखळी किंवा तारदोर वापरणे भाग असेल, तर त्याचा ढिलेपणा हळूच काढून सावकाश ओढावे, हिसका देऊच नये. आणि दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे. गोणपाटाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

ट्रॅक्टरने ओढताना

ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरही एक कडी असते, आणि तिच्याविषयीचे अज्ञान जीपच्या कडीविषयीच्या अज्ञानापेक्षा अधिक घातक आहे. ट्रॅक्टरचा ड्रॉबार मागच्या आसेच्या खाली असतो. तेथून ओढ घेतल्यास ट्रॅक्टरचे नाक जमिनीवर राहते. तीच ओढ टॉप लिंकच्या जागेस, आसेस किंवा आसनाच्या चौकटीस बांधून उंचावरून घेतली, तर ट्रॅक्टर स्वतःच्या मागच्या आसेभोवती फिरून उलटतो. या उलटण्यास दीड सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही आणि चालकास उडी मारण्याची संधी मिळत नाही. म्हणून दोर नेहमी ड्रॉबारलाच बांधावा. लिफ्टच्या हातांना तो बांधू नये. खालच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा, आणि पुढची चाके उचलताना दिसताच क्लच दाबून थांबावे.

ट्रॅक्टर स्वतःच रुतला, तर मागच्या चाकांना लाकडी ओंडका बांधून तो काढण्याची एक रीत काही ठिकाणी आहे. ती तत्काळ सोडून द्यावी. ओंडका जमिनीत अडला की चाक फिरू शकत नाही; मग चाकाऐवजी ट्रॅक्टरच वर उचलला जातो. अशा वेळी चाकांमागची माती काढून, ट्रॅक्टर आला त्याच वाटेने मागे घ्यावा.

ओढण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा.

(१) प्रथम खणून वाट करावी, मग दोर बांधावा.

(२) सूचना देणारा एकच मनुष्य नेमावा आणि दोन्ही चालकांनी त्याच्याच खुणेप्रमाणे वागावे.

(३) वाहनांत चालकांवाचून कोणी बसू नये.

(४) इतर सर्वांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर व बाजूस उभे राहावे. ९ मीटरचा पट्टा असेल तर १४ मीटरांच्या आत कोणी असू नये. दोराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही थांबू नये. मुलांना घरी पाठवावे.

(५) ताणलेला दोर कोणी ओलांडू नये.

(६) दोन-तीन सौम्य प्रयत्नांत गाडी हलली नाही, तर अधिक जोर न लावता पुन्हा खणावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो, तसेच गाडी रुतल्यावर कडी शोधण्यातही नसतो. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत, ट्रॅक्टर मोकळे असताना, गावातील जीप व ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांना एकत्र बोलावून एक लहानसे प्रात्यक्षिक ठेवावे. एक जीप सपाट जागेवर उभी करून तिच्याखाली पाहावयास सांगावे. चॅसी कोठे आहे, बंपर कशावर बसला आहे, वाहतुकीची कडी कोणती व ओढण्याची कडी कोणती, हे प्रत्येकाने स्वतः बोट लावून दाखवावे. ८.८ दर्जाचा बोल्ट व आकडा नसलेला बोल्ट शेजारी ठेवून दाखवावेत. ट्रॅक्टरचा ड्रॉबार व टॉप लिंकची जागा यांवर खडूने बरोबर व चूक अशा खुणा कराव्यात. पाहिलेले ध्यानात राहते. नुसते ऐकलेले चिखलात आठवत नाही.

त्याच वेळी प्रत्येक गाडीत एक पेटी ठेवण्याचा प्रघात पाडावा. तीत एक ताणपट्टा, एक जोडपट्टा, आकडा असलेली दोन शॅकल, जाड हातमोजे, फावडे, दोन रिकामी गोणपाटे व टायरमधील हवेचा दाब मोजण्याचे साधन असावे. मऊ जमिनीवर टायरमधील हवा काहीशी कमी केल्यास टायर रुंद टेकतो व पकड वाढते; मात्र पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा पूर्ण भरली पाहिजे. पोळ्याच्या सुमारास व हंगाम संपल्यावर कडीचे बोल्ट तपासावेत. कडीभोवतीचा रंग तडकला असेल, भोक लांबट झाले असेल किंवा गंजाची रेघ उतरली असेल, तर तेथे काही तरी हलले आहे असे समजून ती कडी त्या दिवसापासून वापरू नये.

या साऱ्यास होणारा खर्च एका टायरच्या किमतीहून फारसा अधिक येत नाही आणि वेळ मिस्त्रीकडील एका दिवसाचा लागतो. शेतकरी पाऊस येण्यापूर्वी बांध दुरुस्त करतो, औताचे फाळ शेवटून घेतो, बैलांच्या सापत्या तपासतो. यांपैकी काहीही तो पेरणीच्या दिवसावर ठेवीत नाही. जीपची कडी व ट्रॅक्टरचा ड्रॉबार यांचीही गणना यापुढे त्याच तयारीत व्हावी. मग पाणंदीत गाडी रुतलीच, तर फावडे हाती घेणारी चार माणसे, बाजूस दूर उभे असलेले गावकरी आणि सावकाश पुढे सरकणारा ट्रॅक्टर एवढेच तेथे दिसेल. आणि गाडी काढावयास गेलेली सर्व माणसे संध्याकाळी आपापल्या घरी पोहोचतील.